बाळंतपणाच्या तलंगा

गयाबाईच्या मनात एखादी गोष्ट बसली की ती कुणाला सांगायची नाही, आणि केल्याशिवाय राहायचीही नाही. भिलाईच्या मरोद्यातल्या दोन खोल्यांच्या घरात केवलरामनं तिच्याशी उभा जन्म संसार केला, पण बायकोच्या डोक्यात काय शिजतंय हे त्याला कायम सगळ्यात शेवटी कळायचं. त्यामुळे दिवाळी उलटल्यावर एका रविवारी ती बाजारात भाजी आणायला गेली आणि भोकं पाडलेल्या खोक्यात चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं घेऊन आली, तेव्हा तो बिचारा चहाचा कप हातात धरून नुसता बघत राहिला. ही कशाला आणली, असं त्यानं विचारलं. अंड्यांसाठी, एवढंच म्हणून ती आत गेली.

हे साफ खोटं होतं. पिल्लं आणली होती भूमिकासाठी. भूमिका म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. दीड-दोन वर्षांपूर्वी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दिली होती. जावई भूषण यार्डात कामाला, मुलगा सरळ, घर बरं. दिवाळीला भूमिका आली ती गोड बातमी घेऊन. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे वैशाखात लेक मरोद्याला बाळंत होणार. त्या दिवसापासून गयाबाईला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिच्या माणसांत बाळ जन्मायच्या आधी त्याची तयारी करत नाहीत. कुंची शिवायची नाही, पाळणा आणायचा नाही, नाव तर तोंडातूनही काढायचं नाही. गयाबाई हे सगळं काटेकोर पाळणारी बाई. तिनं एक लंगोटसुद्धा शिवला नाही. पण कोंबड्या पाळण्याला कुणाची हरकत असणार? कोंबड्या काही बाळाच्या नव्हेत. आणि कुणी विचारलंच तर अंडी होतीच सांगायला.

बाळंतिणीला तलंगेचा रस्सा द्यायचा, ही तिच्या लाखांदूरकडच्या गावाची रीत. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. आल्या-लसणात, मेथी न् बाळंतशेपा घालून तिचा पातळ रस्सा केला आणि गरम भातावर ओतून बाळंतिणीला खाऊ घातला की तिला दूध भरपूर उतरतं. कोंबडी मात्र घरची हवी, आपल्या हातचे दाणे खाऊन वाढलेली. दुकानातली ती पांढरी, जागेवरून न हलणारी कोंबडी गयाबाईच्या हिशेबी कोंबडीच नव्हती.

एवढा आग्रह कशासाठी, तर तिचं स्वतःचं बाळंतपण कुणी केलं नव्हतं. भूमिकाच्या वेळी गयाबाईची आई आदल्याच वर्षी वारली होती. माहेरी बोलावणारं कुणी उरलं नाही. सासूचं आणि तिचं जमत नव्हतं, तेव्हा पुढ्यात आला तो वरणभात तिनं मुकाट्यानं खाल्ला. अंगावर दूध आलंच नाही. पोर भुकेनं रडून रडून निळी पडायची आणि ही तिला छातीशी धरून तिच्याबरोबर रडायची. भूमिका वाढली ती भाताच्या पेजेवर आणि डब्यातल्या दुधावर. लेक धडधाकट झाली, शिकली, तरी आपण आपल्या पोरीला उपाशी ठेवली हे गयाबाईच्या काळजातून कधी गेलं नाही. आपल्यावर आली ती वेळ लेकीवर यायची नाही, एवढंच तिला या जन्मात करून दाखवायचं होतं.

आता गावरान कोंबडी बाजारातून रोज आणायची म्हणाल, तर ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. केवलराम पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करायचा. ठेका चालू तोवर पगार, ठेका संपला की घरात बसून छताकडे बघायचं. म्हणून पिल्लं. तीही तिनं डोळे मिटून नाही घेतली. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं पोरांना भुलवायला ठेवलेली असतात, त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडे एक खेड्यातला माणूस टोपलीत साधी, मातकट, ठिपक्याठिपक्यांची पिल्लं घेऊन बसला होता, त्याच्यापुढे तिनं बैठक मारली. एकेक पिल्लू उचलून उलटं करायची, बेंबी सुकलीय का बघायची, बूड कोरडं आहे का बघायची, जमिनीवर ठेवून ते कसं पळतं ते बघायची. शेवटी तो माणूस कंटाळून म्हणाला, "बहू खोजत हस का दाई?" सून शोधते आहेस का, असं. गयाबाईनं त्यालाही हसून घेतलं आणि भाव आणखी पाडला.

पिल्लांचं घर झालं कुलरमध्ये. भिलाईत उन्हाळ्यात कुलरशिवाय जगता येत नाही आणि थंडीत ते पत्र्याचं धूड कुठं ठेवायचं हे कळत नाही. गयाबाईनं त्यातली मोटर नि पंखा काढून ठेवला, खाली धानाचा कोंडा पसरला, जाळ्यांना पोती बांधली. मधोमध एक दिवा लटकवायचं काम केवलरामकडे होतं. त्यानं एलईडीचा दिवा लावला, चांगला लखलखीत, आणि बिलही कमी येणार म्हणून स्वतःवर खूश झाला. पण त्या दिव्याला उजेड असतो, ऊब नसते. सकाळी पाहिलं तर सगळी पिल्लं त्या गार उजेडाखाली एकमेकांवर चढून बसलेली, आणि तळाची तीन मेलेली. केवलरामचं तोंड एवढंसं झालं. शेजारच्या मैनाबाईच्या देवघरात जुना पिवळा बल्ब होता, तो केवलराम मागून घेऊन आला आणि दिवसातून चारदा कुलरमध्ये हात घालून ऊब बघू लागला.

मग पिल्लं वाढली. आधी गुळाचं पाणी, मग कनकी, म्हणजे राइस मिलमध्ये मिळतो तो तुटका तांदूळ. रेल्वेलाइनच्या बाजूला वारुळं होती. तिथून ती वाळवीची ढेकळं पाटीत घालून आणायची आणि अंगणात फोडायची. पिल्लं त्यावर तुटून पडली की ही कमरेवर हात ठेवून असं समाधानानं बघायची की पंगत वाढल्यासारखं वाटावं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून तिनं लसही आणली आणि एकेकीच्या डोळ्यात थेंब सोडले. मान वाकडी होऊन मरायचा रोग कोंबड्यांत एकदा शिरला की खुराडं रिकामं होतं, हे तिनं लहानपणी गावात पाहिलं होतं.

भूमिका रविवारी नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून यायची. तिचं पोट दिसू लागलं तेव्हा पिल्लांना पंख फुटले, आणि ती धापा टाकायला लागली तेव्हा कोंबडे आरवायला लागले. होळीला सगळे नर विकून टाकले. पाच तलंगा उरल्या. एकदा केवलरामचा साडू नागपूरहून आला, तेव्हा त्यानं सहज म्हटलं की एखादी कापू या. गयाबाई अशी काही वळून बघती झाली की पाहुण्यानं स्वतःच सोमवार असल्याचं सांगितलं. वार रविवार होता.

त्या दिवशी भूमिकाच्या ध्यानात आलं. ती आईजवळ सरकून हळूच म्हणाली, "सच बता आई, हे सब माझ्यासाठी हाय न?"

"चूप," गयाबाई म्हणाली. "असं बोलू नाई." पण तिला हसू आवरलं नाही, आणि दोघी मायलेकी मग उगाचच कितीतरी वेळ हसत बसल्या.

सातव्यात ओटी भरली आणि भूमिका माहेरी आली. चैत्रातच अंगाची लाही होऊ लागली होती. कुलर धुऊनपुसून पुन्हा खिडकीत बसला, त्याला वाळ्याची नवी खस लागली, आणि त्याच्यापुढे भूमिकाची खाट. तलंगा मागच्या अंगणात पत्र्याच्या खुराड्यात गेल्या. संध्याकाळी भूमिका दारात बसून त्यांना दाणे टाकायची. गयाबाई मनातल्या मनात ठरवायची, पहिली कोणती, दुसरी कोणती.

एका सकाळी भूमिका उठली आणि पोटावर हात ठेवून तशीच बसून राहिली. बाळ रात्रीपासून हलून नाही राहिलं, असं ती म्हणाली. गयाबाईनं चूल तशीच सोडली, केवलरामला हाक मारली, रिक्षा आणवली. दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं पोटावर यंत्र फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. काही बोलण्याआधीच गयाबाईला त्यांच्या तोंडावरून सगळं कळलं होतं.

मुलगी होती. भूमिकानं कळा सोसल्या, बाळंत होणारी कुठलीही बाई सोसते तेवढ्याच, आणि शेवटी खोलीत रडण्याचा आवाज आला नाही. नर्सनं विचारलं की आईला दाखवायचं का? भूमिका अर्धवट ग्लानीत होती. गयाबाईच म्हणाली, "तिले नका दाखवू." पाहिलं की जन्मभर डोळ्यासमोरून जात नाही, हे ती थोरामोठ्यांकडून ऐकत आली होती. लेकीला त्यातून वाचवावं एवढंच तिच्या मनात आलं. तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नातीला गुंडाळलं. थोडा वेळ, अगदी थोडा, ती तिला मांडीवर घेऊन बसली. मग केवलराम आणि भूषण तिला शिवनाथ नदीच्या काठी घेऊन गेले. केवलराम परत आला तो गुडघ्यापर्यंत वाळूनं भरलेला, आणि तसाच दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला.

भूमिकाची सासू राधाबाई लगेच आली होती. बाई वाईट नव्हती. तिचंही एक पोर असंच गेलं होतं, आणि जे तिला तेव्हा सांगितलं गेलं तेच ती आता सांगत होती. पोरीसमोर कुणी रडू नका, बाळाचं नाव काढू नका, काही झालंच नाही असं वागा. आणि गयाबाईला बाजूला घेऊन तिनं वेगळं सांगितलं, "ईहीनबाई, आता तिले मेथी, डिंक, कोंबडी काई देजा नोका. दूध उतरंल. पेणारं कोणी नाई."

सगळ्यांनी ते पाळलं. अशा वेळी माणसं फार आज्ञाधारक होतात. आपल्याला काय करावं ते कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा कुणी सांगितलेलं पाळणं सोपं असतं. भूमिका घरी आली तर शेजारणी हवापाण्याचं बोलल्या. भूषण आला, तो कुलरमध्ये पाणी भरून गेला. कुणी म्हणालं, वय लहान आहे, पुढं होईल. झालेल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. भूमिका भिंतीकडे तोंड करून पडून असायची. चहा पुढे केला तर दोन घोट घ्यायची, ताट केलं तर तसंच परत करायची. ओठ पांढरे पडले होते आणि उठताना ती भिंत धरायची.

गयाबाईला ते पाहवेना. रक्त तर गेलंच होतं. हाडं तर उललीच होती. बाळ नाही म्हणून अंगातली शक्ती काही परत आली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिला पाहून तलंगा दाण्यासाठी पायाशी धावून आल्या. राधाबाईचं बोलणं तिच्या कानात होतं, पण तिनं स्वतःची समजूत घातली की दूध मेथीनं येतं, शेपानं येतं, नुसत्या रश्शानं येत नाही. केवलरामनं सुरी घेतली आणि खाली ठेवली. माह्यानं होत नाई, म्हणाला. मग तिनं स्वतःच एक तलंग धरली.

मेथी, शेपा, खसखस, सगळे डबे तिनं फळीवरच राहू दिले. आलं, लसूण, हळद, मीठ, चार मिरे. तेवढ्यावर रस्सा केला आणि मऊ भातावर घालून लेकीपुढे नेला. वासानं भूमिकानं मान वळवली. ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि जेवू लागली. बोटं चाटूनपुसून जेवली. गयाबाई पदरात तोंड घालून चुलीपाशी बसली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली तर भूमिका खाटेवर उठून बसलेली. तिचा ब्लाउज पुढून ओलाचिंब झाला होता. थेंब मांडीवर पडत होते, चादरीवर पडत होते, आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत होती. दूध चांगलं दाट होतं, भरपूर होतं. गयाबाईनं ज्या दुधासाठी पाच महिने वाळवीची ढेकळं वाहिली, जे तिच्या स्वतःच्या अंगावर कधी आलं नव्हतं, ते तिच्या लेकीला उतरलं होतं.

कप तिच्या हातातून सुटला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. मीच खाऊ घातलं, माह्याच हातानं खाऊ घातलं, असं म्हणत ती घरभर फिरू लागली. तिला जुनं धोतर फाडून बांधायला पट्टी करायची होती, आणि मैनाबाईकडून मोगऱ्याची फुलं आणायची होती, दूध आटवायला छातीवर बांधतात तशी. पण फाडलेली पट्टी एका हातात घेऊन ती आधी मागच्या अंगणात गेली, खुराड्याचं दार उघडलं आणि कुंपणावरून मैनाबाईला ओरडून म्हणाली की सगळ्या घेऊन जा, आत्ताच्या आत्ता घेऊन जा, मला त्या डोळ्यासमोर नकोत. मैनाबाई धावत आली, आणि काय झालं ते न कळून तिथंच थबकली.

भूमिका भिंत धरत धरत मागच्या दारापर्यंत आली होती. ओल्या कपड्यानं, केस सुटलेले.

"कावून देऊन राहिली?" तिनं कारण विचारलं.

गयाबाईनं तिला सांगून टाकलं. सासूनं नको म्हटलं होतं, तरी मी रस्सा केला, मेथी घातली नाही, तरी माझी चूक झाली, माझ्यामुळे तुला हे बघावं लागलं. हुंदक्यांत तिला धड बोलता येत नव्हतं. मैनाबाई मान खाली घालून हळूच कुंपणापलीकडे निघून गेली.

भूमिका दाराच्या उंबऱ्यावर बसली. ती रडत नव्हती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज जागेवर आल्यासारखा वाटत होता.

"कोंबडीनं नाई आलं ते," ती म्हणाली. "मले पोरगी झाली, म्हणून आलं. तुमी सारे म्हणता काई झालंच नाई. मी बी तेच मानून चालली होती. मग हे कोणाचं हाय, आई?"

गयाबाई लेकीजवळ येऊन जमिनीवर बसली.

"तू पाह्यलं न तिले?" भूमिकानं विचारलं. "सांग मले. कशी होती?"

राधाबाईनं नको म्हटलं होतं. सगळ्यांनीच नको म्हटलं होतं. गयाबाईनं हातातली पट्टी मांडीवर ठेवली. केस होते, ती म्हणाली, दाट, काळेभोर, कपाळावर आलेले. नाक भूषणचं, थोडं बसकं. हनुवटी तुझी. बोटं लांब लांब होती, नखं वाढलेली. एक मूठ आवळलेली होती आणि एक उघडी. डोळे मिटलेले होते, झोपल्यासारखे. माझ्या मांडीवर होती तेव्हा अंग अजून ऊन होतं.

"मग मले कावून नाई देली?"

"चुकली मी," गयाबाई म्हणाली. "चुकली बाई."

भूमिकानं मान हलवली, ती रागानं की कशानं ते कळलं नाही. तिनं पदर ओढून छातीशी घट्ट धरला. उघड्या खुराड्यातून तलंगा एकेक करून बाहेर आल्या आणि त्यांच्या भोवती दाणे शोधू लागल्या, पण दोघींपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"पुन्हा सांग," भूमिका म्हणाली.

आणि गयाबाईनं केसांपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.